मणेरीकर सरांचं पुस्तक मला भिडलं नाही

झोप मला नेहमी हातांकडून येते. आधी बोटं जड होतात, मग मनगटं, आणि मग कटिंग मशीन आणि भिंत यांच्यामधल्या सतरंजीवर मी कुठे संपतो आणि सतरंजी कुठे सुरू होते तेच कळेनासं होतं. आज दुपारीही तसंच होतंय. जेवण झालंय. खाणावळीचा डबा विसळून कोपऱ्यात पालथा घातलाय. छातीवर एक पुस्तक उघडं पडलंय. वाचायला म्हणून ते घेतलं नव्हतं. सकाळपासून ते टेबलावर होतं आणि माझ्याकडे बघत होतं, म्हणून उचललं.

मी यशवंत जिनगर. मिरजेत बत्तीस वर्षं पुस्तकं बांधतोय. कोर्टाची रजिस्टरं, देवळातल्या पोथ्या, कॉलेजातल्या पोरांचे प्रबंध. आता काम फार राहिलेलं नाही. बायको कौसल्या पाच महिन्यांपूर्वी मुलीच्या बाळंतपणाला बंगळूरला गेली, ती बाळ रांगायला लागेपर्यंत तिथेच राहणार आहे. त्यामुळे दिवसभरात माझं बोलणं होतं ते खाणावळीवाल्याशी, आणि तेही भाजी कोणती एवढंच.

छातीवरचं पुस्तक मणेरीकर सरांचं. त्यांनी लिहिलेलं नव्हे, त्यांच्या मालकीचं. विश्राम मणेरीकर इथल्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाल्यावरही त्याच एका खोलीत राहिले, आणि तीन महिन्यांपूर्वी तिथेच गेले. आज सकाळी कुडाळहून त्यांचा भाचा खोली रिकामी करायला आला होता. जाताना हे पुस्तक दुकानात ठेवून गेला. म्हणाला, मामांनी आत तुमचं नाव लिहून ठेवलंय.

पुस्तकाचं नाव सांगत नाही. पुष्कळ लोकांचं ते लाडकं आहे आणि मला कुणाला दुखवायचं नाही. त्यात काय आहे ते मात्र सांगता येईल. माणूस मुळात एकटा असतो, आणि ज्याने हे एकटेपण नीट ओळखलं त्याला मग दुसऱ्या कुणाची गरज उरत नाही. एवढं तीनशे पानांत सांगितलंय. भाषा स्वच्छ आहे, आवाज कुठेही चढलेला नाही. मी ते तीन वेळा बांधलंय आणि दोन वेळा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलंय. मला त्याने काहीही झालेलं नाही.

पंख्याचा आवाज येईनासा होतो. माझे डोळे मिटलेले आहेत की उघडे, हे मला सांगता येत नाही, पण समोरच्या स्टुलावर सर बसलेले दिसतात. तोच फिका बुशशर्ट, खिशाला तेच पेन. पाय अनवाणी आहेत. सर आता नाहीत हे मला माहीत आहे, आणि त्यांनाही ते माहीत असावं, कारण ते घाईत नाहीत.

मी उठून बसतो आणि चहा घेणार का म्हणून विचारतो. इतकं मूर्खासारखं काहीतरी विचारल्याची लाज वाटते. सर मान हलवतात आणि कुठलं काम चालू आहे ते विचारतात. काही नाही, मी म्हणतो. मग ते पुस्तकाकडे बघतात. मी ते सतरंजीखाली सरकवायला बघतो, पण ते सरकत नाही.

चौदा वर्षांपूर्वी सर पहिल्यांदा दुकानात आले ते हेच पुस्तक फडक्यात गुंडाळून. पानं सुटली होती, पाठ फाटली होती. मी नवी शिलाई घातली, पाठीला कापड लावलं. घ्यायला आले तेव्हा त्यांनी ते दोन्ही हातांत धरलं, आजारातून उठलेल्या माणसाला धरतात तसं, आणि मला म्हणाले की आधी तू वाच, मग मी नेतो. माझं शिक्षण दहावीपर्यंतचं. पण जे बांधतो ते थोडंफार वाचतो, ही माझी जुनी सवय. अकरा दिवस लावून मी ते वाचलं. वाचताना सारखं वाटत होतं की आता पुढच्या पानावर काहीतरी होईल. झालं नाही.

स्टूल जिथे होतं तिथे आता फळा आहे. दुकानाची लांबी तेवढीच आहे, पण भिंतीला बाक लागलेत आणि त्या सगळ्या बाकांवर मी एकटा आहे. गुडघे बाकाखाली मावत नाहीत. सर खडू हातात घेऊन उभे आहेत आणि त्यांनी तेव्हा विचारलं होतं तेच पुन्हा विचारतात.

"कसं वाटलं?"

मी उभा राहतो आणि तेव्हा म्हणालो होतो तेच म्हणतो. "मनात घर करतं, सर."

सर ते फळ्यावर लिहून घेतात. त्यांचं अक्षर सुंदर होतं, इथेही तसंच आहे. लिहून झाल्यावर एक पाऊल मागे येऊन ते वाचतात.

"हे तू कुठून आणलंस?"

मी खरं सांगतो. त्यांच्याकडूनच. पुस्तक वाचायला देताना ते स्वतःच हे बोलले होते. मी फक्त परत केलं.

ते रागावत नाहीत. फळा पुसतही नाहीत. मला आठवतं की त्या दिवशी हे वाक्य ऐकून त्यांचा चेहरा कसा उजळला होता. मग दर गुरुवारी ते संध्याकाळी दुकानात यायचे. स्टुलावर बसायचे आणि पुस्तकातलं एखादं प्रकरण काढून बोलायचे. मी खळ लावायचो, पुठ्ठे कापायचो आणि मान डोलवायचो. पहिली दोन-चार वर्षं बरं वाटलं. एवढा शिकलेला माणूस आपल्याशी असं बोलतोय. मग हळूहळू मान डोलवण्याचा थकवा यायला लागला. आपण चोरी केलीय आणि दर आठवड्याला मालक येऊन आपलंच कौतुक करतोय, असं वाटायचं. सांगून टाकावं असं कित्येकदा वाटलं. पण जितकी वर्षं गेली तितकं ते अवघड झालं. शेवटी शेवटी ते लांबून येताना दिसले की मी मशीनमागे जाऊन उगाच काहीतरी शोधायला लागायचो.

मी बाकावरून उतरतो आणि पायाखाली गल्ली लागते. उन्हं कलली आहेत. समोर माझंच दुकान आहे आणि शटर खाली ओढलेलं आहे. माझ्या शेजारी सर उभे आहेत. कुठली संध्याकाळ आहे हे मला लगेच कळतं. इथून निघून जावंसं वाटतं, पण गल्लीला दुसरं टोक दिसत नाही.

त्या गुरुवारी मी त्यांना कोपऱ्यावर पाहिलं, झटकन शटर ओढलं आणि आत मशीनला टेकून उभा राहिलो. त्याआधीच्या गुरुवारीही तेच केलं होतं. त्यानंतर पाच दिवसांनी सर गेले. दूधवाल्याने सलग दुसऱ्या दिवशी बाहेरच राहिलेली पिशवी पाहिली आणि शेजाऱ्यांना बोलावलं. तोवर कुणालाच कळलं नव्हतं.

सर पुढे होतात आणि बोटांच्या मागच्या बाजूने शटरवर दोनदा वाजवतात.

"जिनगर, आहेस का?"

मी इथे आहे, असं मी म्हणतो. त्यांच्या अगदी कानाशी म्हणतो. ते वळत नाहीत, शटरकडेच बघत राहतात. आतून काही येत नाही, पण त्या काही न येण्यात कुणीतरी श्वास धरून उभं आहे हे बाहेरून इतकं स्पष्ट कळतं की मला माझीच शिसारी येते. आत असताना मला वाटलं होतं, आपण दिसत नाही.

"आहे आत," सर म्हणतात. मला सांगतात की स्वतःला, कळत नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"खालून दिव्याचा उजेड येत होता, रे."

ते किती वेळ थांबले होते, मी विचारतो. तू श्वास सोडेपर्यंत, ते म्हणतात, आणि चालायला लागतात. मी त्यांच्या मागून जातो. रस्त्यात कुणीही भेटत नाही. दुकानं उघडी आहेत, गल्ल्यावर माणसं नाहीत, एका टपरीवर स्टोव्ह पेटलेला आहे आणि पातेल्यात पाणी उकळतंय. सर माझ्यापुढे दोन पावलं चालतात. मी वेग वाढवला तरी दोन पावलंच राहतात.

मग जिना न चढताच आम्ही त्यांच्या खोलीत असतो. या खोलीत मी एकदाच आलो होतो, ते गेल्यावर त्यांना खाली न्यायला. आम्ही सहा जण होतो. तेव्हा मला फडताळातली भांडी दिसली होती, एक ताट, एक वाटी, एक पेला, आणि मी नजर फिरवली होती. आताही फडताळ तिथेच आहे. सर गॅस पेटवून दूध ठेवतात. खाटेवर पुस्तक आहे. आमच्या आधी ते इथे येऊन पडलंय.

मी ते उघडतो. प्रत्येक पानावर शिसपेन्सिलीच्या रेघा आहेत. पहिल्यांदा वाचलं तेव्हाही होत्या. काही इतक्या दाबून ओढलेल्या की मागच्या पानावर वळ उठलेत. आणि मला एकदम सांगता येतं. जे चौदा वर्षांत सांगता आलं नाही ते मी खाटेच्या कडेवर बसून, पुस्तकाकडे बघत बघत सांगतो. रेघ दिसली की मी थांबायचो. इथे काहीतरी वाटायला पाहिजे असं स्वतःला बजावायचो. वाक्य पुन्हा वाचायचो, तिसऱ्यांदा वाचायचो. काही वाटलं नाही की आपल्यातच काहीतरी कमी आहे असं समजून पान उलटायचो. तीनशे पानं मी असाच अपराधी होऊन पार केली. मला ते पुस्तक भिडलं नाही, सर. कधीच नाही.

सर पाठमोरे आहेत. दूध हलवत आहेत.

"तू पुस्तक वाचलंच नाहीस मग," ते म्हणतात. "परीक्षा दिलीस."

"दुसऱ्यांदाही वाचलं, सर. तुम्ही गेल्यावर. ग्रंथालयातली प्रत आणली, तिच्यात रेघा नव्हत्या."

"मग?"

मला उत्तर द्यायचं नाहीये. पण या खोलीत खोटं बोलायला जागा नाही, एक ताट आणि एक वाटी आहे फक्त.

"तेव्हा राग आला."

सर गॅस बारीक करतात आणि वळतात. मी बोलत सुटतो. कौसल्या घरात नाही. संध्याकाळी दुकान बंद करून घरी गेलो की कुलूप उघडल्याचा आवाज सगळ्या घरात जातो आणि परत येतो. मी आता रोज एकटा जेवतो. या पुस्तकाची मला कधी गरज पडायची असेल तर ती आताच, आणि हे पुस्तक मला काय सांगतंय, तर एकटेपण ओळख म्हणजे कुणाची गरज उरणार नाही. ओळखून झालं की, सर. पाच महिने ओळखतोय. गरज उरलीच आहे.

"हे खोटं आहे," मी म्हणतो. "तुम्ही हे सेहेचाळीस वर्षं वाचलंत. पाठ होतं तुम्हाला. कुणाची गरज नव्हती, तर दर गुरुवारी माझ्या दुकानात कशाला येत होता?"

बोलून झाल्यावर लक्षात येतं. हे मी कुणाला बोललो. दूध वर येतं, सर हात मागे नेऊन न बघता गॅस बंद करतात. मग त्यांचा चेहरा पहिल्या दिवशी उजळला होता तसा उजळतो. नाही, तसा नव्हे. तेव्हा ते खूश झाले होते. आता त्यांना हसू येतंय.

"हे तू गुरुवारी म्हणायचं होतंस," ते म्हणतात. "कुठल्याही गुरुवारी."

ते खाटेवर माझ्याशेजारी बसतात. खाट वाकत नाही.

ज्याला पुस्तक भिडतं तो त्याच्याशी भांडतो, असं ते सांगतात. कॉलेजात तीस वर्षं शिकवताना त्यांनी हेच पाहिलं. मी एकदाही भांडलो नाही, म्हणून पहिल्या वर्षातच त्यांना समजलं होतं की मला ते भिडलेलं नाही. तरी ते येत राहिले. का, ते मी न विचारताच सांगतात. खळीचा वास असायचा, पुठ्ठा कापल्याचा आवाज असायचा, समोर एक माणूस काम करत असायचा. बोलण्यासाठी काहीतरी विषय लागतो, आणि त्यांच्याकडे तो एकच होता.

मग ते मला त्या पुस्तकाचं सांगतात. सव्वीस वर्षांचे असताना ते बेळगावात खोली घेऊन राहत होते. आई गेली. गावी जाऊन दिवस उरकून परत आले. ओळखीचं असं कुणी नव्हतं, त्यामुळे आई गेल्याचं कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. खोलीत आधीचा भाडेकरू विसरून गेलेलं हे पुस्तक होतं. संध्याकाळी दिवाही न लावता त्यांनी ते खिडकीशी उघडलं.

"असं वाटलं की खोलीत कुणीतरी आलं आणि त्याने आतून दार लावून घेतलं," सर म्हणतात. "माझ्यासाठी थांबलं कुणीतरी. त्या दिवशी त्या पानांवर किराणा मालाची यादी छापलेली असती तरी मी रेघा मारल्या असत्या बहुतेक."

"म्हणजे पुस्तकात काही नाही?"

"असेल. मला सांगता येणार नाही. मी नंतर ते वाचलंच नाही. उघडायचो आणि त्या खिडकीशी जायचो. तुला मी पुस्तक देऊ शकत होतो, जिनगर. ती संध्याकाळ कशी देणार?"

दुधावर साय धरत चाललीय. मला विचारावंसं वाटतं, आणि मी विचारतो, की हे सगळं ते खरंच बोलतायत की मला ऐकायचं आहे म्हणून मला ऐकू येतंय. माझ्यावर रागावला नाहीत असं म्हणा, मग मी निवांत होईन, असं माझ्या मनात आहे, आणि तेवढ्यासाठी मी हे रचत असेन.

"ते मला कसं कळणार?" सर म्हणतात. आणि थोड्या वेळाने, "शटरपाशी मला वाईट वाटलं होतं. तेवढं सांगतो."

यापेक्षा मोठं काही ते बोलत नाहीत. मी माफी मागतो. ते ती नाकारत नाहीत, घेतही नाहीत. उशीखालून ते एक खोडरबर काढतात, एका बाजूने झिजून तिरकं झालेलं, आणि माझ्या तळहातावर ठेवतात. रेघा पुसून टाक, म्हणतात. त्या माझ्या आहेत, त्या खिडकीपाशी ओढलेल्या, त्यांचं आता काम नाही. मी नको म्हणतो. त्यांचं हे एवढंच काहीतरी माझ्याकडे उरलंय आणि ते मीच माझ्या हाताने पुसायचं, हे मला झेपणार नाही. ते माझा हात धरत नाहीत, आग्रह करत नाहीत. नुसते उठून खिडकीशी जातात. तिथे मिरजेतलं काहीच दिसत नाही. परका रस्ता आहे, कलती संध्याकाळ आहे, आणि सर सव्वीस वर्षांचे नाहीत, बहात्तरचेच आहेत, पण तसेच उभे आहेत, कुणीतरी आत येण्याची वाट बघत.

मी रबर पानावर टेकवतो. कागद जुना आहे, फाटेल म्हणून हलक्या हाताने घासतो. एकाच दिशेने, कागदाचे तंतू जातात तसं, हे तरी मला येतं. सरांना काही विचारायला मान वर करतो तेव्हा खिडकी खूप लांब गेलेली असते आणि पंख्याचा आवाज चालू झालेला असतो.

पावणेचार वाजलेत. पाठ आखडलीय. मी सतरंजीवर आहे, गल्लीतून कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करतंय, खाणावळीचा डबा पालथा आहे. पुस्तक छातीवरून घसरून मांडीशी उघडं पडलंय. सरांना स्वप्नात बघितलं एवढं आठवतं, आणि मग सगळंच आठवतं, आणि मी तसाच बसून राहतो.

मग पानाकडे लक्ष जातं. एका वाक्याखालची रेघ डावीकडून निम्मीअधिक पुसली गेलीय. उजवीकडे शेवटच्या तीन शब्दांखाली ती तशीच काळी आहे. आणि पुसलेल्या जागेशी, पानाच्या घडीत, करड्या रंगाचा बारीक भुगा साचलाय. मी बोट लावून बघतो. रबराचाच आहे. माझ्या दुकानात खोडरबर नाही. शोधायचं म्हणून टेबलाचे दोन्ही खण आणि सतरंजीखालची जागा बघतो. नाही.

परत येऊन बसतो आणि ते वाक्य वाचतो. निम्मं बिनरेघेचं आहे, तेवढं पहिल्यांदाच वाचल्यासारखं वाटतं. वाक्य साधंच आहे. नीट लिहिलेलं, शांत. मला काही होत नाही.

"हे मला पटत नाही, सर," मी मोठ्याने म्हणतो.

स्कूटर चालू होऊन निघून जाते. माझ्या श्वासाने पानावरचा भुगा जरासा सरकतो, मी तोंड बाजूला करतो आणि पुढचं वाक्य वाचायला घेतो.